रंगांचा रकाना

तुम्हाला माहीत होतं, डॉक्टर. हे आधीच बोलून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर ‘डोक्याला लागलंय, चिडचिड व्हायचीच’ असं म्हणून तुम्हाला मोकळं होता येणार नाही. तुम्ही आत्ता ‘पुढची’ म्हणालात आणि मी उठलेले नाही. क्लबच्या या खोलीत, या डुगडुगणाऱ्या खुर्चीवर मी बसून आहे आणि मनातल्या मनात तुमच्याशी बोलते आहे, कारण तोंडाने बोलायला लागले की हल्ली माझे शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून पडतात. या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. पहिल्या दिवशीही आखूड होता. त्या दिवशी आमचा अख्खा फुटबॉल संघ एकेक करून हिच्यावर बसून गेला आणि एकीलाही पाच शब्द धड आठवले नाहीत. कॉलेजात शिकणाऱ्या मुली, नोकऱ्या करणाऱ्या मुली, समोरच्या संघाच्या सगळ्या चाली तोंडपाठ असलेल्या मुली, आणि एका दुपारी सगळ्या सरसकट मठ्ठ झाल्या. हे तुम्हाला खरं वाटलं? शेंबड्या पोरालाही वाटलं नसतं. तुम्ही तर भिंतीवर चौकटीत डिग्री लावून बसलेले. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही ‘पुढची’ म्हणालात.

काल बसने ब्रेक मारला. झालं एवढंच. मी खिडकीशी बसले होते, मांडीवर पिशवी, पिशवीत मावशीने दिलेला कापडाचा तुकडा. मावशीचं दोरे-बटणांचं दुकान आहे, मी तिथे काम करते, आणि आई आणि मी तिच्याच घरी राहतो. एका कोटाच्या अस्तराला जुळणारा दोरा संपला होता म्हणून मी घाऊक बाजारात निघाले होते. बसपुढे कुणीतरी आडवं आलं, ब्रेक लागला आणि माझं कपाळ समोरच्या सीटच्या दांडीला टेकलं. आपटलं असं मी म्हणणार नाही. टेकलं. शेजारच्या बाईने विचारलं, ‘लागलं का गं?’ मी म्हटलं, ‘नाही हो.’ टेंगूळ नाही, लाली नाही, काही नाही. पण आत कुणीतरी बटणांचा नीट मांडलेला ट्रे उचलून तिरका केला आणि सगळी बटणं घरंगळत एका कोपऱ्यात गेली. खिडकीतलं ऊन सुईसारखं डोळ्यात शिरलं. बसचा आवाज जाड कापडातून गाळून आल्यासारखा लांबून यायला लागला. तोंडात नाणं धरल्यासारखी चव. मी घाबरून स्वतःचीच परीक्षा घेतली: पिशवीतलं कापड कोणत्या रंगाचं? आमसुली. नाव पटकन आलं. रंग आला नाही. डोळे मिटले तर तिथे नुसतं नाव उभं, दारावर पाटी आहे आणि मागे घरच नाही तसं. पिशवी उघडून कापड पाहिलं. हां, हा. पिशवी बंद केली. गेला. परत उघडली. हां. बंद केली. गेला. असं किती वेळ करत राहिले कोण जाणे. बाई म्हणाली, ‘काही हरवलंय का?’ मी ‘हो’ म्हटलं, तर बिचारी सीटखाली वाकून शोधायला लागली.

माझं असं नव्हतं. मावशीच्या दुकानात भिंतभर खण आहेत, जमिनीपासून छतापर्यंत, आणि एकाही खणावर चिठ्ठी नव्हती. मावशीचं म्हणणं, चिठ्ठी वाचणारा माणूस रंग बघायचं विसरतो. गिऱ्हाईक कापड पुढे करायचं, मी एकदा बघायची आणि कापड काउंटरवरच सोडून मागे वळायची. काउंटरपासून खणापर्यंत रंग डोक्यात न्यायचा, काठोकाठ भरलेली वाटी न सांडता नेतात तसा. वाटेत फोन वाजायचा, मावशी काही विचारायची, कुणी म्हणायचं ‘अगं ती पांढरी बटणं दे आधी’, तरी वाटी हिंदकळायची नाही. रीळ काढायचं, कापडावर दोऱ्याचं टोक टाकायचं, आणि दोरा कापडात विरघळून दिसेनासा व्हायचा. तो दिसेनासा होतो ना, तो क्षण मला फार आवडायचा. गोल वाचवण्यापेक्षाही. कोट शिवणारे मास्तर म्हणायचे, ‘बाई, ही पोरगी आहे का रंगांचा छापखाना?’ मावशी म्हणायची, ‘नजर लावू नका. आमच्या ह्यांना जन्मभर निळा आणि जांभळा एकच वाटले. पोरीने घराण्याचं नाव काढलं.’ ‘ह्यांच्या घराण्याची कुठे ती? तुमच्या बहिणीची मुलगी.’ ‘म्हणूनच तर काढलं!’ मास्तर हसत रीळ खिशात टाकून जायचे आणि मावशी मला उगाचच ओरडायची, ‘उभी काय राहिलीस, ते हूक निवड.’ कौतुक झालं की ती ओरडतेच.

मैदानावर मला कुणी नावाने हाक मारत नाही. तिथे मी हातोडी. मी बचावाला खेळते, आणि कॉर्नरवरून हवेत आलेला चेंडू माझ्या कपाळाचा, हे संघात ठरलेलं आहे. कपाळाच्या बरोबर मध्यावर घेतला की टक् असा आवाज बाहेर होतो आणि आत सगळं शांत असतं. जरा वर किंवा कानाकडे लागला की आवाज आत होतो. मग निमिषभर मैदान पांढरं पडतं, हिरवं परत येतं, आणि आपण धावत सुटतो, कारण बाकीच्या धावत असतात. हे सगळ्यांना होतं आणि याबद्दल कुणी बोलत नाही. गुडघा सुजला तर दाखवता येतो, बर्फ लावता येतो, चार लोकांकडून हळहळ करून घेता येते. डोक्याचं काय दाखवणार? आई म्हणते, मुका मार वाईट. रक्त आलं तर निदान पट्टी बांधायला माणसं धावतात. ती आपली कपाटाच्या दारात चेपलेल्या बोटाबद्दल बोलत होती, मेंदूबिंदूचं तिला काही कळत नाही. पण शब्द बरोबर आहे. मुका. आतला मार बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीने कुणीतरी बोलायला हवं. त्यासाठी तर तुमची चाचणी होती.

आणि कल्पना वाईट नव्हती. मी आंधळी चिडलेली नाही. हंगाम सुरू व्हायच्या आधी, डोकं धड असताना, प्रत्येकीने संगणकासमोर बसायचं. शब्द लक्षात ठेवायचे, आकडे उलटे म्हणायचे, डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं, रंग ओळखायचे. ते सगळं जपून ठेवायचं. त्याला तुम्ही बेसलाइन म्हणालात. पुढे कधी डोक्याला लागलं की तीच चाचणी परत घ्यायची आणि आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवायचं. घसरण दिसली तर मेंदू हादरलाय, विश्रांती, खेळ बंद. तुम्ही हे समजावलंत तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं. कुणीतरी माझं धड डोकं नीट घडी घालून ठेवणार आणि वेळ आली की उलगडून ताडून बघणार. शिंपी तरी दुसरं काय करतो? आधी माप घेतो. मापच चुकीचं असलं तर पुढे कितीही सफाईने कापा, अंगरखा बसणार नाही.

आदल्या दिवशी सरावानंतर सरांनी, आमच्या प्रशिक्षकांनी, कपडे बदलायच्या खोलीचं दार बाहेरून वाजवलं. ‘ऐकताय ना आतून? उद्या डोकी घरी ठेवून या.’ हशा. ‘हसू नका. उद्या जेवढी उंच उडी माराल, तेवढीच नंतर लागलेल्या डोक्यानेही मारावी लागेल. नाही जमली की डॉक्टर बसवणार बाकावर. मग मी खेळवू कुणाला, माझ्या बायकोला?’ आमची गोलकीपर, चेंडू हाताला चिकटतो म्हणून तिला आम्ही गोंद म्हणतो, ती आतून ओरडली, ‘काकू बऱ्या खेळतील सर, तुम्हाला एवढी वर्षं अडवून धरलंय त्यांनी!’ सर शिव्या देत गेले आणि आत मठ्ठपणाचा सराव सुरू झाला. कप्तान बाकावर चढली. ‘सफरचंद, खुर्ची, ढग, चावी, घोडा. बोल गोंद.’ गोंदने छताकडे पाहिलं. ‘सफरचंद… आणि… अजून एक सफरचंद.’ ‘अगं एवढं नको! थेट भरती करतील तुला.’ ‘मग किती?’ ‘दोन सांगायचे, दोन विसरायचे, एक भलताच. चांगल्या घरातला मठ्ठपणा वाटला पाहिजे.’ हसून हसून पोटात कळ आली. ते हसणं मला अजून लख्ख आठवतं याचा आनंद होतो. हल्ली काय खरंच आठवतंय आणि काय मी मागाहून टाका घालून जोडलंय ते सांगता येत नाही. त्यात कुणाला फसवाफसवी वाटली नाही. ती संघाची रीतच होती, आधी डाव्या बुटाची नाडी बांधायची तशी. सगळी सोंगं आणता येतात म्हणतात. आणलेलं सोंग उतरवताही येतं, असं मात्र कुणी म्हणून ठेवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी या खुर्चीवर बसले. दोन शब्द सांगितले, दोन विसरले, घोड्याच्या जागी गाढव म्हटलं. आकड्यांवर ठेचकाळले. एका पायावर उभी राहून अशी डोलले की गोंदने दाराआडून टाळी वाजवायची तेवढी बाकी ठेवली. आणि मग रंग आले. पडद्यावर एक रंग यायचा, जरा थांबायचा, जायचा. मग त्याचे सगळे भाऊबंद दाटीने समोर यायचे आणि त्यातून मघाचा नेमका कोणता ते बोटाने दाखवायचं. पहिलाच आला आमसुली. मला चुकायचं होतं. मी बोट जांभळ्याकडे नेलं आणि बोट गेलं नाही. आपल्या आपण वळून आमसुलीवर जाऊन बसलं. जांभळ्यावर ठेवणं म्हणजे मास्तरांच्या हातात चुकीचं रीळ देणं, आणि ते माझ्याने होईना. मनात म्हटलं, पुढचा चुकू. पुढचा शेवाळी. तोही चुकवता आला नाही. त्यानंतर मी सोंग, सर, संघ सगळं विसरले. नुसती वाटी घेऊन चालत राहिले, काठोकाठ, एक थेंब न सांडता. शेवटचा रंग गेला तेव्हा वाईट वाटलं, संपलं म्हणून. मग पडदा थांबला आणि त्यावर पिवळी पट्टी आली. तुम्ही कपाटाशी पाठमोरे होतात म्हणून मला ती सबंध वाचता आली. उत्तरांत विसंगती आढळते, चाचणी पुन्हा घ्यावी. मी विचारलं, ‘डॉक्टर, हे काय आलंय?’ तुम्ही आलात, वाकलात, वाचलंत. वाचताना तुमचे ओठ हलले, मी पाहिलंय. ‘मशीनचं असतं असं काहीतरी,’ म्हणालात, एक बटण दाबलंत, पट्टी गेली. ‘पुढची!’ बाहेर आल्यावर कळलं, पिवळी पट्टी गोंदलाही आली होती. कप्तानालाही. यंत्राला जे कळलं ते त्याने दर वेळी सांगितलं, आणि तुम्ही दर वेळी त्याचं तोंड दाबलंत.

सामन्यात लागलेला तो मार मला आठवत नाही. त्याच्या आधीचं आठवतं: कॉर्नर, ओल्या गवताचा वास, समोरच्या संघातली उंच मुलगी आणि तिच्या वेणीला बांधलेली विटकरी फीत. विटकरी, पण किंचित गुलाबीकडे झुकलेली. तो मी धरून ठेवलेला शेवटचा रंग असावा. चेंडू तिलाही हवा होता आणि मलाही. मग फीत नाही, मैदान नाही. मग गालाला गवत आणि कप्तानाचा आवाज, ‘आज वार कोणता?’ ‘रविवार.’ ‘कोण जिंकतंय?’ ‘आपण.’ ‘बरी आहे ही!’ रेषेबाहेरून सर ओरडले, ‘बरी आहे तर झोपवलीय कशाला? उभी करा!’ मी उभी राहिले. उरलेला सामनाही खेळले म्हणे. दुसऱ्या कुणी पाहून येऊन सांगितलेल्या सिनेमासारखा तो मला माहीत आहे. नंतर तुमच्यासमोर याच खुर्चीवर बसले आणि एकही शब्द मुद्दाम विसरले नाही. जीव तोडून आठवत होते. सफरचंद, खुर्ची, मग पुढे भिंत. भिंतीवर हात आपटून आपटून एक ढग काढला. आणि तुम्ही खूश! ‘वा! शब्दांत तर सुधारणा आहे. डोक्याला लागून हुशार झालेली पहिलीच मुलगी बघतोय मी.’ सर हसले. मीही हसले, सगळे हसतात तेव्हा हसावं, एवढं अजून कळत होतं. सगळं बळ लावून मी तिथवर पोचले होते, जिथे हंगामाच्या सुरुवातीला मी खिदळत, ठरवून जाऊन उभी राहिले होते. सोंग आणि मी आता एकाच उंचीच्या झालो होतो. फक्त रंगांपाशी तुमचं बोट थांबलं. तिथे मी इतकी खाली आले होते की तुम्हालाही जरा वेळ लागला. ‘हे एक घसरलंय. थकवा असेल. पण सगळं मिळून बघायचं असतं, आणि सगळं मिळून तू आहेस तशीच आहेस.’ आहेस तशीच. तुम्ही मला मैदानावर परत पाठवलंत, आणि सरावात एक साधा चेंडू, कुणी जोरात मारलेलाही नाही, कानामागे लागला. आवाज आत झाला. तो अजून थांबलेला नाही.

तेव्हापासून मी घरातल्या माणसांना माझी चौकशी करत फिरते. मी अशीच होते का? उजेड मला आधीपासून टोचायचा का? कुणी दोन वाक्यं सलग बोललं की पहिलं वाक्य मी आधीही टाकून द्यायची का? आई ताटं पुसत होती तेव्हा विचारलं, ‘आई, मी आधी कशी होते गं?’ ‘कशी म्हणजे? अशीच. जन्माची वेंधळी. एका पायात माझी चप्पल आणि एका पायात तुझी, अशी शाळेत गेली होतीस.’ ‘आणि चिडकी?’ ‘चिडकी तर होतीसच. बापावर गेलीस.’ ‘आवाजाचा असा त्रास व्हायचा मला?’ तिचा हात थांबला. ‘कुणाला नाही होत?’ ती म्हणाली आणि कोरडं झालेलं ताट परत पुसायला लागली. आईला मी मुळातच बिघडलेली असायला हवी आहे, म्हणजे मग काही बिघडलंच नाही असं होतं. मी तिला बोल लावत नाही. तुमचंही तेच चाललंय, पण ती आई आहे, तुम्ही डॉक्टर आहात. परवा मी भीत भीत डोळे मिटले आणि आईचा चेहरा आणायला गेले. आला. पण थोडा उशिरा आला, आणि आधी नुसता ‘आई’ हा शब्द येऊन उभा राहिला होता. डॉक्टर, रंग गेले तर मी दुसरं काम शोधीन. चेंडू गेला तर घरी बसेन. पण ज्या वाटेने रंग गेले ती वाट पुढे कुठे जाते, ते तरी कुणी सांगाल?

मावशीने मला काही विचारलं नाही. मास्तरांना मी गडद निळ्याऐवजी काळा दोरा दिला होता. दिव्याच्या उजेडात त्यांच्याही लक्षात आलं नाही; अख्खा कोट शिवून झाला, दारात उन्हात धरला, तेव्हा शिवण न् शिवण ओरडत होती. मास्तरांनी सगळी उसवली आणि दुकानात येऊन खालच्या आवाजात निळं रीळ मागितलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानंतरच्या सोमवारी मी दुकानात आले तर भिंतभर खणांच्या मुठींना दोऱ्यांचे गोंडे बांधलेले. ज्या खणात जो रंग, त्याच रंगाचा गोंडा. चिठ्ठीचा एवढा राग असलेल्या बाईने सुट्टीचा सगळा दिवस एकटीने बसून ते बांधले होते. आता कापड हातात घ्यायचं, भिंतीपाशी जायचं आणि गोंड्याला लावून बघायचं. वाटी नाही, चालणं नाही, न्यायचं काही नाही. मास्तर आले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, ‘काय बाई, दुकानाचं लग्नबिग्न काढलंय का?’ मावशी त्यांच्या अंगावर धावून गेली. ‘माझी नजर कमी झालीय! म्हातारी झाले मी! बांधले गोंडे! तुमच्या खिशातलं काही गेलं का?’ माझी मावशी अजून सुईत दोरा एका झटक्यात ओवते, डॉक्टर. मास्तरांनी माझ्याकडे न बघता रीळ घेतलं. मी खाली मान घालून बटणं निवडत राहिले, पांढरी वेगळी, मोतिया वेगळी. दोन्ही मला दिसतात. डोळ्यांना काही झालेलं नाही. फक्त एकीवरून दुसरीवर नजर नेईपर्यंत पहिली निघून गेलेली असते. सगळं दिसतं आणि काही राहत नाही.

आज मी स्वतःहून आले. बाहेर बाकावर यंदाच्या नव्या मुली बसल्यात, बेसलाइन द्यायला. त्यांच्यापुढून येताना ऐकलं. ‘किती आठवायचे गं?’ ‘दोन.’ ‘आणि मला चुकून तीन आठवले तर?’ ‘तर सरांना सांग, मूल्यशिक्षणाचा वर्ग समजून चुकून इथे आले.’ आणि हशा, आमचाच हशा, गळे तेवढे नवे. तुमचं दार सताड उघडं होतं. मला ऐकू आलं ते तुम्हालाही आलं. ‘काय हातोडी, परत?’ तुम्ही म्हणालात. सर खिडकीला टेकून उभे होते. मी बसचं सांगितलं. ‘बसमध्ये? मग खेळताना नाही लागलं,’ सर म्हणाले. ‘बसवाल्याला दाखव.’ तुम्ही चाचणी घेतलीत. मी काय काय विसरले ते मला आठवत नाही, हा विनोद नाही. निकाल आला. ‘बेसलाइनशी जुळतंय. खेळायला हरकत नाही.’ मी म्हटलं, ‘आणि रंग?’ ‘एका रकान्यावर काही ठरत नसतं गं.’ ‘तोच एक खरा आहे. बाकीचे सगळे खोटे आहेत.’ सर खिडकीपासून सरळ झाले. तुम्ही चष्मा काढलात आणि किती हळू, किती मायेने विचारलंत, ‘खोटे म्हणजे? तू चाचणीत लबाडी केलीस, असं तुझं म्हणणं आहे? तसं असेल तर मला वर कळवावं लागेल. मग खेळ कायमचा बंद.’ सर म्हणाले, ‘अहो डॉक्टर, हिच्या मनाने घेतलंय नुसतं. जा तू. रविवारी ये. डोक्याने नको खेळू, पायाने खेळ.’ तुम्ही चष्मा लावलात, माझ्या डोक्यावरून दाराकडे बघितलंत आणि म्हणालात, ‘पुढची.’

काय छान शिवलंय. खरं बोलले तर मी लबाड, गप्प बसले तर मी धडधाकट. कुठल्याही बाजूने टोक ओढा, गाठ माझ्याच गळ्याला. पण तुमच्याकडून एक टाका सुटलाय. माझ्या आधीच्या डोक्याची खूण आता जगात कुठे नाही. आई आठवू देणार नाही. मावशी सांगणार नाही. मला सांगता येत नाही. फक्त तुमच्या त्या संगणकात, सगळ्या खोट्यानाट्याच्या मधोमध, एका रकान्यात एक मुलगी बसलेली आहे. तिला सगळ्यांनी चुकायला सांगितलं होतं आणि तिला चुकता आलं नव्हतं. ती मी. तेवढीच मी शिल्लक आहे. तुम्ही तिला दर वेळी बाकीच्यांत मिसळून टाकता, भाग घालता, सरासरी काढता, आणि ती दिसेनाशी होते, जुळणारा दोरा कापडात होतो तशी.

‘अगं ऊठ ना, पुढचीला येऊ दे,’ सर म्हणतात. दारात नवी मुलगी येऊन उभी राहिली आहे. बाहेरचं हसू अजून तिच्या ओठांवर आहे. मी पिशवीतून आमसुली कापड काढते, एकदा बघते, तुमच्या टेबलावर ठेवून पालथ्या हाताने झाकते. गेला. मी तोंड उघडते. शब्द एकेक करून, भिंतीला धरत धरत बाहेर येतात.

‘डॉक्टर, रंगांचा रकाना उघडा. नुसता तो. आधीचा आणि आजचा, शेजारी ठेवा.’

तुम्ही घड्याळाकडे बघता.

‘माझं किती गेलंय? मोठ्याने सांगा. हिलाही ऐकू दे. किती गेलंय माझं?’